टर्किश कॉफी: उकळायची नाही, गाळायची नाही

इस्तंबूलला जाऊन आलेल्या पुष्कळ घरांत लांब दांड्याचं, तांब्याचं एक छोटं भांडं शोकेसमध्ये दिसतं. त्याची चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं: "दोनदा करून पाहिली, तिथल्यासारखी झाली नाही. कडू झाली, फेस आला नाही, तोंडात सगळा चोथा आला." अशा घरांत ओट्यापाशी उभं राहून मी पाहिलं आहे. चुकतं कुठे, ते पहिल्या मिनिटात कळतं, कारण हात चहाचे असतात. आधी पाणी उकळायला ठेवतात, मग पूड टाकतात, खळखळून उकळी आणतात, गाळण्यातून कपात ओततात आणि साखर वरून घालून ढवळतात. यातलं एकेक पाऊल चहासाठी बरोबर आहे. या कॉफीसाठी त्यातलं एकही बरोबर नाही.

खाली कृती क्रमाने दिली आहे. गॅसवरचं काम जेमतेम चार मिनिटांचं आहे, म्हणून निम्म्याहून जास्त लेख गॅस पेटवण्याआधीच्या तयारीवर आहे. कॉफी तिथेच ठरते.

टप्पा १: भांडं

या भांड्याला तुर्कीत जेझवे म्हणतात. ग्रीक लोक त्यालाच ब्रिकी म्हणतात आणि ऑनलाइन दुकानांत ते बहुतेक वेळा 'इब्रिक' नावाने सापडतं. विकत घेताना नावापेक्षा आकार पाहा. बूड रुंद, गळा अरुंद, काठाला ओतायची चोच आणि हाताला चटका बसणार नाही असा लांब दांडा हवा. फेस त्या अरुंद गळ्यात गोळा होतो, दाटतो आणि झाकणासारखा बसतो. चहाच्या पातेल्यात तोच फेस पसरतो आणि फुटून जातो. पातेल्यात कॉफी होते, फेसाची कॉफी होत नाही.

माप फार महत्त्वाचं आहे. पाणी आणि पूड मिळून भांडं जिथे गळा सुरू होतो तिथपर्यंत भरलं पाहिजे. चार कपांच्या जेझवेत एक कप केली तर पाणी तळाशीच राहतं, फेस गळ्यापर्यंत पोचत नाही आणि पूड करपते. घरी दोघंच पिणारे असतील तर काठोकाठ सुमारे २०० मिलिलिटर मावणारं भांडं घ्या. मोठं घेऊन ठेवावं, पाहुण्यांनाही होईल, हा आपला नेहमीचा हिशोब इथे चालत नाही.

धातू तांब्याचा असेल तर आतून कल्हई, म्हणजे कथिलाचा मुलामा, हवीच. कॉफी आंबट असते. चिंचेचं सार बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात करू नये हे आपल्या घरांत वेगळं सांगावं लागत नाही, तोच नियम इथे लावा. स्टीलचं जेझवेही चालतं, पण त्यात उष्णता एकाच जागी लागते, म्हणून आच आणखी मंद ठेवावी लागते. इंडक्शनची शेगडी असेल तर तांबं तिच्यावर तापतच नाही. लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचं भांडं घ्या.

तपासा: भांड्याच्या आत बॅटरीचा झोत टाकून पाहा. सगळीकडे रुपेरी पांढरं दिसलं पाहिजे. कुठे तांबूस रंग डोकावत असेल तर पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात कॉफी करू नका. नुसतं शोभेसाठी बनवलेलं, पत्र्यासारखं पातळ आणि आतून काहीच न लावलेलं भांडं शोकेसमध्येच राहू द्या.

इशारा: कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तळाला ज्योत लागली की रिकाम्या भांड्यात तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मी एकदा धुतलेलं भांडं कोरडं करायला गॅसवर ठेवून फोन घ्यायला वळलो. परतलो तेव्हा तळातली कल्हई बारीक थेंबांत गोळा झाली होती, मोहरीच्या दाण्यांएवढी. भांडं फडक्याने पुसा.

टप्पा २: पूड

बहुतेकांचा घोटाळा इथे होतो, म्हणून या टप्प्यावर जरा जास्त वेळ थांबू.

या कॉफीची पूड एस्प्रेसोपेक्षाही बारीक असते. फिल्टर कॉफीची पूड बोटांत खरखरते. ही पूड मैद्यासारखी, अबिरासारखी लागली पाहिजे, बोटांच्या रेषांत भरली पाहिजे. पूड न गाळता कपात जाते आणि स्वतःच्या वजनाने तळाशी बसते. जाडी पूड तळाशी घट्ट बसत नाही, ढवळली की वर येते आणि चव पुरती उतरण्याआधीच कॉफी तयार होते. फेसही धरत नाही, कारण फेसाला अतिबारीक कणांचा आधार लागतो.

आता आपल्या बाजारात काय मिळतं ते पाहू.

इन्स्टंट कॉफी अजिबात चालणार नाही. ती पाण्यात विरघळून जाते, तळाशी काही उरतच नाही.

चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) घातलेली फिल्टर कॉफी पूडही नको. पाकिटावर ८०:२० किंवा ७०:३० असं लिहिलेलं असेल तर दुसरा आकडा चिकोरीचा. चिकोरीने काढा दाट आणि काळा होतो, दुधात तो छान लागतो. इथे दूध नाही, त्यामुळे तिचा कडवट गोडसरपणा एकटाच जिभेवर येतो.

चालते ती शंभर टक्के कॉफी. अरेबिका जातीची, मध्यम भाजलेली. चिकमगळूर किंवा कूर्गची अरेबिका या कामाला उत्तम आहे. बिया भाजून विकणाऱ्याकडे 'टर्किश ग्राइंड' हवं असं स्पष्ट सांगा आणि पूड हातात घेऊन बघा. तुर्कस्तानातून आणलेला बंद डबा असेल तर दळण्याचा प्रश्नच मिटला, पण डबा उघडल्यावर ती पूड वर्षभर पुरवू नका. अरबी पद्धतीच्या काही पाकिटांत वेलची आधीच मिसळलेली असते, लेबल वाचून घ्या. तुर्कस्तानात रोजच्या कपात वेलची सहसा नसते. ती लेबनॉन, सीरिया, जॉर्डन या बाजूची सवय. आपल्याला वेलची आवडते, त्यामुळे मोह होणारच. पण पहिले चार-पाच कप बिनवेलचीचे करा. वेलचीच्या वासात करपलेली पूड लपते आणि आपण कुठे चुकलो ते कळत नाही.

घरच्या मिक्सरवर दळायचं असेल तर:

१. चटणीचं छोटं भांडं घ्या. त्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या आणि भांडं कोरड्या फडक्याने पुसा. धुतलं तरी मिक्सरच्या भांड्याला जिऱ्या-मिऱ्यांचा वास असतो, तो तांदळाबरोबर निघून जातो.

२. एका वेळी ४० ते ५० ग्रॅम बिया घ्या. पाती बुडण्याइतक्या तरी हव्यात.

३. पाच सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि पुडीचा वास तिथेच उडून जातो. झाकणाला हात लावून बघा. कोमट लागलं तर दोन मिनिटं थांबा.

४. मैद्याच्या चाळणीने चाळा. जमलं तर त्यानंतर मलमलीतून वस्त्रगाळ करा. वर उरलेला रवा पुन्हा फिरवा. तरीही जो उरेल तो फिल्टरला वापरा, यात मिसळू नका.

तपासा: चिमूटभर पूड कोरड्या तळहातावर चोळा. दाणे जाणवले तर अजून दळायची आहे. तळहातावर तपकिरी डाग पडून पूड जणू नाहीशी झाली तर झाली.

इतकी बारीक पूड लवकर शिळी होते. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो आणि फेस बराचसा त्याच्यावर उभा राहतो. पूड शिळी झाली की तो वायू निघून गेलेला असतो, मग आच कितीही सांभाळा. म्हणून शंभर ग्रॅमपेक्षा जास्त आणू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको. तिथे तिला ओल लागते आणि शेजारच्या भाजीचा वास लागतो. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात पुडीच्या गुठळ्या होतात, त्या दिवसांत एकदम ५० ग्रॅमच दळा.

टप्पा ३: कप, माप आणि साखर

फिनजान म्हणजे या कॉफीचा कप. त्यात साधारण ६० ते ७० मिलिलिटर मावतं. आपल्या चहाच्या कपात ती कॉफी तळाशी पडल्यासारखी दिसते आणि फेस विरून जातो. लहान, जाड, चिनी मातीचे कप शोधा. एस्प्रेसोचे कप चालतात.

पाणी मोजायला मापाचं भांडं लागत नाही. ज्या कपात देणार त्याच कपाने पाणी मोजा. कपाला वर थोडी जागा सोडून भरा, फेसाला ती लागते.

प्रत्येक कपाला ६ ते ७ ग्रॅम पूड घ्या. वजनकाटा नसेल तर चहाचे दोन चमचे, शीग धरून. "कडक होईल" म्हणून हात आखडणं ही दुसरी सर्रास चूक आहे. पूड कमी पडली तर कॉफी सौम्य होत नाही, पातळ आणि आंबटसर होते.

साखर किती, हे कॉफी करण्याआधीच विचारायचं. तुर्कस्तानातही ऑर्डर देताना तेच आधी सांगावं लागतं: सादे म्हणजे बिनसाखरेची, अझ शेकेरली म्हणजे जराशी गोड, ओर्ता म्हणजे मध्यम, शेकेरली म्हणजे गोड. घरगुती माप असं धरा: अझला अर्धा चमचा, ओर्ताला एक, शेकेरलीला दोन. ('शेकेर' आपल्या साखरेचंच भावंड आहे, ऑर्डर देताना लक्षात राहतं.) दोघांना वेगवेगळी गोडी हवी असेल तर दोन वेगळ्या खेपा करा. कपात मागाहून साखर घालता येत नाही, कारण ती ढवळावी लागते आणि ढवळलं की तळाशी बसलेला चोथा सगळा वर येतो.

टप्पा ४: गार पाण्यात कालवणं

पाणी गारच हवं. माठातलं उत्तम. गरम पाणी घेतलं तर कॉफी लवकर वर येते, पण पुडीला मुरायला वेळ मिळत नाही आणि फेस विरळ होतो.

१. जेझवेत मोजलेलं पाणी ओता.

२. साखर घाला.

३. पूड घाला. ती वर तरंगत राहील, घाबरू नका.

४. चमच्याने पंधरा-वीस सेकंद नीट ढवळा. कडांना चिकटलेली पूड खाली ओढून घ्या. गुठळी राहिली तर ती आतून कोरडीच राहते आणि शेवटी कपात फुटते.

हे सगळं गॅस पेटवण्याआधी.

तपासा: वरचा थर एकसारखा, दाट, चॉकलेटी दिसतो आहे ना? कोरडे ठिपके दिसत असतील तर अजून ढवळा. यानंतर ढवळायला फार वेळ उरणार नाही.

कप गरम करायचे असतील तर आत्ताच त्यांत गरम पाणी भरून ठेवा. गॅस पेटल्यावर दुसरं कुठलंही काम हातात घेऊ नका.

टप्पा ५: आच

सगळ्यात लहान बर्नर, सगळ्यात मंद आच. आपल्या शेगडीचा लहान बर्नरसुद्धा या भांड्याला मोठा पडतो. ज्वाळा बुडाबाहेर येऊन कडांना चाटतात, दांडा तापतो आणि भांडं जाळीवर डगमगतं. यावर माझा उपाय लोखंडी तव्याचा आहे. बिर्याणीला दम देताना पातेल्याखाली तवा ठेवतो ना, तसाच. तवा दोन मिनिटं मंद आचेवर तापवायचा आणि भरलेलं जेझवे त्यावर ठेवायचं. उष्णता बुडाला सगळीकडून सारखी लागते. तुर्कस्तानात तापलेल्या वाळूत किंवा निखाऱ्यांच्या राखेत भांडं खुपसतात, त्यामागेही हाच विचार आहे. घरी वाळूचा खटाटोप करायची गरज नाही.

पहिल्या अर्ध्या मिनिटात एकदा हलकेच ढवळलं तर चालेल. मग चमचा बाजूला ठेवायचा. फेस धरायला लागल्यावर ढवळलं तर तो मोडतो, पुन्हा तसा येत नाही.

आता भांड्याकडे बघत राहा. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही आणि लोकांचा धीर सुटतो तो इथेच. आच वाढवू नका. मग कडेला गडद, चकचकीत गोल कडा उमटते. त्या कडेवर बारीक, रेतीएवढे बुडबुडे येतात. फेस काठाकडून मधे सरकू लागतो आणि मधोमध एक काळं छिद्र उरतं, रुपयाएवढं, मग वाटाण्याएवढं. छिद्र मिटत आलं की सगळा थर एकदम फुगून गळ्यात चढतो. दूध उतू जाण्याआधी साय कशी ताणून वर येते, तसंच. त्याच क्षणी भांडं उचलायचं.

ही उकळी नव्हे. उकळी म्हणजे फेस फोडून मोठे बुडबुडे वर येणं. तोवर थांबलात तर फेस गेला, सुगंध गेला, कडवटपणा तेवढा उरला. चहावाल्याचा हात उकळीची वाट बघतो. या कॉफीत उकळीच्या अलीकडेच थांबायचं असतं.

तपासा: एक-दोन कपांना गळ्यात फेस चढायला तीन ते चार मिनिटं लागली पाहिजेत. दीड मिनिटात चढला तर आच मोठी होती. सहा मिनिटं लागली तर फारच मंद.

इशारा: फेस फुगला की उतू जायला दोन सेकंदही लागत नाहीत. हात आधीच दांड्यावर असू द्या.

टप्पा ६: फेस वाटणं आणि ओतणं

कपांत गरम पाणी भरलं असेल तर ते ओतून कप पुसून घ्या. भांडं तव्यावरून उचललं की चमच्याने वरचा फेस प्रत्येक कपात थोडा थोडा घाला. दोन कप असतील तर दोन्हींत सारखा. तुर्की घरांत पाहुण्याला बिनफेसाचा कप देणं कमीपणाचं मानतात, म्हणून आधी वाटणी, मग ओतणी.

नंतर उरलेली कॉफी पुन्हा तव्यावर ठेवा. आता सगळं तापलेलं असतं, पंधरा-वीस सेकंदांत ती पुन्हा वर येईल. आली की उचला आणि कपाच्या कडेने, सावकाश ओता. कपातला फेस त्याबरोबर वर तरंगत येतो. उंचावरून धार सोडू नका.

तीन वेळा वर आणायची पद्धतही ऐकायला मिळते. शिकताना दोनदाच आणा. प्रत्येक फेरीत थोडा फेस जातो आणि तिसरी फेरी जवळजवळ नेहमीच उकळीत संपते.

गाळणं लावू नका. भांड्याच्या तळाला दाट गाळ उरेल, त्यातला थोडा कपातही जाईल. तो जायलाच हवा, त्यातच कॉफीचा दाटपणा आहे.

टप्पा ७: थांबणं आणि पिणं

कप समोर ठेवून दोन मिनिटं थांबा. या वेळात चोथा, ज्याला तुर्कीत तेल्वे म्हणतात, तळाशी बसतो. घाईत पहिला घोट घेणाऱ्याच्याच तोंडात रेती येते.

सोबत पाण्याचा पेला द्या. पाणी आधी प्यायचं, जीभ स्वच्छ होते. मग कॉफी लहान घोटांनी. कप हलवायचा नाही, ढवळायचा नाही आणि तळाशी चिखल दिसू लागला की थांबायचं. शेवटचा अर्धा सेंटिमीटर पिण्यासाठी नसतो. चहाचा कप रिकामा करून खाली ठेवायची आपली सवय असते, म्हणून पाहुण्यांना हे आधीच सांगा.

कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल त्यांनी रोज दोन-तीन कप पिऊ नये. ही कॉफी कागदातून गाळलेली नसते, त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढवणारे कॉफीतले तेलकट घटक कपातच राहतात.

बिघडली तर कुठे बघायचं

फेस आलाच नाही: आधी पुडीवर संशय घ्या, शिळी किंवा जाडी असणार. पूड ठीक असेल तर भांडं मोठं पडलं किंवा मधे ढवळलं गेलं. फेस आला पण मोठ्या बुडबुड्यांचा, साबणासारखा आला तर आच जास्त होती.

कडू झाली: उकळली. दुसरं कारण क्वचितच असतं. क्वचित बिया फार काळ्या भाजलेल्या असतात. तेलाने चकाकणाऱ्या बिया या कामाला घेऊ नका.

आंबटसर आणि पातळ लागली: पूड कमी पडली किंवा गरम पाणी घेतल्यामुळे फार लवकर वर आली.

तळाशी बसतच नाही, रेती येत राहते: दळण जाडं आहे. मैद्याची चाळणी काढा.

दुसऱ्या खेपेला एका वेळी एकच गोष्ट बदला. पूड, आच आणि माप तिन्ही एकदम बदललं तर कशाने सुधारली ते कळणार नाही.

भांड्याची निगा

तेल्वे मोरीत ओतू नका, इतका बारीक गाळ पाइपच्या वळणावर जाऊन बसतो. कुंडीत घाला किंवा ओल्या कचऱ्यात टाका. भांडं आतून मऊ कपड्याने किंवा स्पंजने, कोमट पाण्याने धुवा. तारेची घासणी आणि राख आत नको, कल्हई ओरखडते. बाहेरचं तांबं काळवंडलं तर चिंच-मीठ लावा, पण ते फक्त बाहेरून. आतला रंग कालांतराने करडा होतो. ते चालतं, त्याला चकाकी आणायचा हट्ट करू नका.

रोजच्या वापरात काही वर्षांनी तळाला तांबूस डाग दिसू लागेल. तेव्हा कल्हईवाला शोधा. शहरांत ते कमी झालेत, पण तांब्या-पितळेच्या जुन्या बाजारात विचारलं तर पत्ता लागतो. पुण्यात मी तांबट आळीत चौकशी करायला सांगतो. भांडं देताना आतूनच करायला सांगा, शुद्ध कथील वापरायला सांगा, आणि आणल्यावर पहिल्यांदा त्यात नुसतं पाणी एकदा तापवून ओतून द्या.